घडवंचीवरचे पाणी

घराच्या अंगणात जमीन न खणता, जाड फळ्यांची किंवा तुळयांची गुडघ्याएवढी उंच चौकट उभी करून तिच्यात पाणी साठवायचे आणि त्यात कमळे व मासे ठेवायचे, ही रीत महाराष्ट्रात अलीकडची आहे. ज्या घटकांनी ती बनते ते मात्र फार जुने आहेत, आणि त्यांचा इतिहास तपासण्यासाठी पाण्याने संपन्न असलेल्या कोकणापेक्षा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा कोरडा पट्टा अधिक उपयोगी पडतो, कारण जेथे पाणी दुर्मीळ असते तेथे ते कशात ठेवले जाते याला महत्त्व येते. या पट्ट्यातील जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील स्थानकाचे गाव आहे. याच नावाची गावे अक्कलकोट तालुक्यात आणि नगर जिल्ह्यातही असल्याने हे सांगणे आवश्यक आहे. येथे वर्षाकाठी पाऊस साधारण 500 ते 550 मिलिमीटर पडतो, तोही लहरी. जमीन कुठे काळी, कुठे मुरमाड, आणि झाडी इतकी विरळ की 1979 मध्ये माळढोक या उघड्या गवताळ रानातल्या पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर झाले त्यात करमाळा तालुक्याचाही भाग आला. बाभूळ, कडुनिंब आणि बोर ही येथली घरची झाडे. साग बाहेरून आणावा लागे.

या परिस्थितीत पाणी साठवण्याचे मुख्य साहित्य दगड हेच राहिले यात नवल नाही. विहिरीच्या काठी जनावरांना पाणी पाजण्यासाठी जी लांबट कुंडी असते तिला हाळ म्हणतात, आणि एकाच दगडातून किंवा एकाच ओंडक्यातून कोरून काढलेल्या अशाच लहान पात्राला डोण म्हणतात. लाकडी डोण करताना सुतार फळ्या जोडत नसे; तो खोड पोखरत असे. ज्वारीचे पीठ मळण्याची काठवटही अशीच अखंड लाकडातून कोरलेली असे, आणि उखळही तसेच. सुतार बारा बलुतेदारांपैकी एक होता, नांगर, कुळव, पाभर आणि गाडी घडवण्यात तरबेज होता, कुसू आणि खाच यांचा सांधा, म्हणजे एका लाकडाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवण्याचे काम, त्याच्या हातात होते. तरी पाणी धरणारे जोडकामाचे पात्र त्याने गावासाठी केल्याचे दिसत नाही. याचे कारण कौशल्याच्या अभावात शोधणे चुकीचे ठरेल. लाकूड ओले झाले की आडव्या अंगाने फुगते आणि वाळले की आकसते. ज्या प्रदेशात वर्षातले आठ महिने हवा कोरडी असते आणि पात्र वारंवार रिकामे पडते, तेथे फळ्यांच्या फटी उघडणारच. अखंड लाकडालाही तडे जातात, पण त्याला सांधाच नसल्यामुळे सांध्यातून गळण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

सुताराला हे आकसणे किती नेमके ठाऊक होते याची साक्ष बैलगाडीचे चाक देते. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांवर बसवलेला वर्तुळाकार लाकडी घेर यांना एकत्र बांधून ठेवते ती लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात. लोहार ती घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवून फुगवतो, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवतो आणि लगेच वरून पाणी ओततो. लोखंड आकसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल झाली की गाडीवान गाडी नदीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात उभी करून चाके भिजू देत. लाकडी पट्ट्यांभोवती लोखंडी कडी आवळून पिंप करण्याची युरोपीय विद्या याच तत्त्वावर चालते. म्हणजे पिंपाचे अर्धे शास्त्र करमाळ्याच्या लोहारशाळेत रोज वापरात होते. पिंप हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आला आणि किनाऱ्यावरून आत पोचला. (धाव या शब्दाला शेतकऱ्याच्या भाषेत दुसराही अर्थ आहे, तो पुढे येईल, आणि तोही पाण्याशीच बांधलेला आहे.)

किनाऱ्यावर परिस्थिती अगदी उलट होती. तेथे लाकूड सतत ओले राही, साग घाटातल्या रानांतून खाली येई, आणि फळ्यांच्या फटींत कापूस व राळ ठासून त्या बंद करण्याची कला जहाजबांधणीत परिपूर्ण झाली होती. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानी बांधलेले आणि 1817 मध्ये पाण्यात लोटलेले त्रिंकोमाली हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. जहाज आणि लाकडी हौद यांच्यात तत्त्वतः फरक एवढाच की एकात पाणी बाहेर ठेवायचे असते आणि दुसऱ्यात आत. ही विद्या घाट चढून देशावर आली नाही, कारण तिला लागणारी अट, म्हणजे बारमाही ओल, देशावर नव्हती.

मात्र घरातल्या एका वस्तूने लाकूड आणि पाणी यांची गाठ निराळ्या रीतीने घातली होती, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. घडवंची म्हणजे पाण्याची भांडी ठेवण्याची चौपायी लाकडी चौकट. तिच्यावर माठ, घागरी, हंडे राहत. खालून हवा खेळे, मुंग्या आणि कचरा दूर राही, आणि वाकावे न लागता पाणी घेता येई. घडवंचीला पाणी धरावे लागत नाही, तिला फक्त वजन पेलावे लागते. पाणी धरण्याचे काम मातीचे किंवा तांब्याचे भांडे करते. भार पेलणे आणि गळती रोखणे ही दोन कामे अशी वेगळी केली की लाकडाची आकसण्याची खोड निरुपद्रवी ठरते. अंगणातल्या आजच्या लाकडी हौदाचे कूळ सांगायचे तर ते पिंपाकडे नव्हे, घडवंचीकडे जाते.

जमिनीच्या वर उचललेले पाणी शेतात प्रथम भेटते ते थारोळ्यात. मोटेने उपसलेले पाणी ज्या दगडी कुंडीत पडते ती कुंडी म्हणजे थारोळे. ते विहिरीच्या तोंडाशी, शेताच्या पातळीपेक्षा उंच बांधलेले असते, कारण तेथून पाटाने वाहत जाऊन पाणी सगळ्या वाफ्यांपर्यंत पोचले पाहिजे. मोट ही चामड्याची मोठी पिशवी; तिला दोन दोर असतात, तोंडाकडचा जाड नाडा वरच्या चाकावरून जातो आणि सोंडेकडचा बारीक सोंदूर खालच्या रुळावरून. दोन्ही दोर एकाच लांबीचे नसतात, आणि सगळी युक्ती त्यातच आहे: बैल उतरणीवरून पुढे जाऊ लागले की मोट वर येते, सोंड दुमडलेली राहून पाणी सांडू देत नाही, आणि मोट तोंडाशी पोचताच सोंड थारोळ्यात सरळ पडून पाणी मोकळे होते. बैलांच्या या उताराच्या वाटेलाही धाव म्हणतात. ती उतरती ठेवण्याने ओढणाऱ्या बैलांच्या अंगाचे वजनच कामाला येते, आणि परतताना बैल उलटे, पाठीमागे पावले टाकत चढतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेलावरची इंजिने आणि पुढे विजेचे पंप आले, तेव्हा मोट गेली. अनेक विहिरींवर थारोळे तेवढे राहिले आणि पंपाच्या नळाचे पाणी त्यातच सोडले जाऊ लागले. यंत्र बदलले तरी पाण्याला उंचीवरून पाटात उतरण्यासाठी बसकण लागतेच.

याच तालुक्यात पाण्याकडे खाली उतरून जाण्याची उलट परंपराही तितकीच ठळक आहे. करमाळ्याचे कमलाभवानी मंदिर रावराजे निंबाळकर यांनी 1727 मध्ये उभारल्याचे सांगितले जाते, आणि 96 या अंकाशी त्याचे नाते जोडले जाते. तेथील बारवेलाही 96 पायऱ्या असल्याची ख्याती आहे. बारव म्हणजे पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत नेणारी विहीर. शिल्प म्हणून ती देखणी असते, पाणी खाली गेले तरी माणूस त्याच्यामागे उतरू शकतो. परंतु माणसाचे पाय पाण्याला लागतात हा तिचा मोठा दोष होता. नारू नावाचा कृमी पायावरच्या फोडातून बाहेर येतो, त्याच्या अळ्या पाण्यात पडतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्या गिळतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात कृमी पुन्हा वाढतो. यावर औषध नव्हते. उपाय होता तो बांधकामाचा, म्हणजे पायऱ्या बंद करून कठडा उभारायचा, पाणी दोराने वर ओढायचे आणि ते गाळून प्यायचे. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. पाणी आणि पाय यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आली की रोगाची साखळी तुटते.

भिंतीमागचे पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र त्याच भिंतीबरोबर उभा राहतो. हौद हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, आणि त्याबरोबर निजामशाही व आदिलशाहीच्या काळातली बागांची आणि कारंजांची संस्कृतीही आली. नगरजवळचा फराहबाग हा तळ्याच्या मध्यभागी उभारलेला निजामशाही महाल तिचा मोठा नमुना आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणले गेले आणि ते सार्वजनिक व खासगी हौदांत सोडले जाऊ लागले. वाड्याच्या चौकातला हौद घडीव दगडांचा असे आणि आतून चुन्याचा गिलावा केलेला असे. बैलाने ओढायच्या घाण्यात चुना आणि वाळू दळून, त्यात गूळ, हिरडा किंवा बेलफळाचा गर मिसळून तो चिवट करीत. दगडाने भार पेलायचा आणि चुन्याने गळती रोखायची, असे कामाचे वाटप येथेही होते, परंतु दोन्ही थर एकमेकांना इतके चिकटलेले की भिंतीला तडा गेला म्हणजे गिलाव्यालाही जाणारच.

अशा घरगुती हौदाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना पुण्यातच घडली. जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. या कृतीचे वजन समजण्यासाठी सार्वजनिक पाण्याचा पुढचा इतिहास शेजारी ठेवावा लागतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये संमत झाला, आणि ठराव होऊनही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला. तळे गावाचे असल्यामुळे गाव ते अडवू शकत होते. अंगणातला हौद घरमालकाचा असल्यामुळे तो खुला करायला मालकाचा निर्णय पुरेसा होता, मग त्या निर्णयाची किंमत त्याला समाजात कितीही मोजावी लागो. बागेतल्या हौदाला केवळ शोभेची वस्तू समजणाऱ्यांनी हा हौद लक्षात ठेवलेला बरा.

जेऊरच्या वाट्याला लोखंड आणि जाड लाकूड आले ते रेल्वेबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग डिकसळपासून पुढे कुर्डुवाडीकडे, म्हणजे त्या वेळच्या बार्शी रोडपर्यंत, 1859 मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोचला. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते, म्हणून मार्गावर ठरावीक अंतराने दगडी खांबांवर ओतीव लोखंडाच्या पट्ट्या बोल्टांनी जोडून केलेल्या उंच टाक्या उभ्या राहिल्या. टाकी हा शब्द देशी. किल्ल्यांवरच्या खडकात कोरलेल्या टाक्याचा तो नातलग, आणि इंग्रजांनी आपला टँक हा शब्द गुजराती–मराठीच्या याच कुळातून उचलला असे भाषाभ्यासक मानतात. जमिनीत कोरलेले टाके अशा रीतीने खांबांवर चढून परत आले.

रुळांखालच्या आडव्या तुळया, म्हणजे स्लीपर, यांची भूक एवढी मोठी होती की साल, देवदार आणि साग यांची जंगले त्यासाठी झपाट्याने तुटली; 1864 मध्ये सरकारी वनखाते स्थापन होण्यामागे ही चिंता एक महत्त्वाचे कारण होती. रुंदमापी मार्गाचा लाकडी स्लीपर 275 सेंटिमीटर लांब, 25 रुंद आणि 13 जाड असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काँक्रीटचे स्लीपर आले आणि काढलेले लाकडी स्लीपर लिलावात निघून दारांच्या चौकटी, बाक आणि बागेच्या कडा यांत जाऊ लागले. अंगणातले उंच लाकडी हौद अनेकदा अशाच जुन्या स्लीपरांचे बांधले गेले, आणि आकारमान पाहिले तर त्याचे कारण उघड होते: चार स्लीपर एकावर एक आडवे ठेवले की 52 सेंटिमीटरची भिंत आपोआप उभी राहते. यात एक धोका मात्र आहे. वाळवी आणि कूज रोखण्यासाठी अनेक स्लीपरांना दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले क्रिओसोट तेल पाजलेले असते. ते माशांना विषारी असून माणसाच्या कातडीलाही घातक आहे, आणि उन्हात ते लाकडाबाहेर झिरपते. काळपट, डांबराचा वास येणारा स्लीपर स्वस्त मिळाला तरी माशांच्या हौदाला वापरू नये.

भीमेवरील उजनी धरणाने या परिसराचा चेहराच बदलला. 1966 मध्ये पायाभरणी आणि 1980 मध्ये पूर्णता, असा त्याचा काळ आहे. सुमारे 117 अब्ज घनफूट क्षमतेच्या त्याच्या यशवंतसागर जलाशयाखाली करमाळा आणि इंदापूर तालुक्यांची नदीकाठची गावे गेली, लोहमार्गाचा भागही हलवावा लागला, आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या वाहतुकीला आला. फुगवट्याच्या पाण्यावर ऊस आणि केळी वाढली. तालुक्यातल्या कंदर गावची केळी परदेशी जाऊ लागली. पाणी जवळ आले तरी ते सर्वांच्या शिवारात आले नाही, आणि जेथे आले नाही तेथे शेततळे आले. राज्य शासनाने 2016 मध्ये मागेल त्याला शेततळे ही योजना आणली, आणि तळाला प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली तळी सोलापूर–नगर पट्ट्यात शेकड्यांनी दिसू लागली. शेततळ्यासाठी जमीन खणतात हे अर्धेच खरे. निघालेल्या मातीचे बांध भोवती चढवतात, त्यामुळे पाण्याची बरीच उंची जमिनीच्या वर असते. अनेक ठिकाणी त्यात पावसाचे पाणी साठण्याऐवजी कूपनलिकेतून उपसलेले पाणी भरले जाते, म्हणजे खडकाखाली सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवले जाते; ही पद्धत शहाणपणाची आहे असे म्हणता येत नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र प्लॅस्टिकच्या त्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या कापडाने मोठे काम केले. पाणी धरण्याची जबाबदारी त्याने पूर्णपणे स्वतःकडे घेतली आणि बांधाला केवळ भार पेलायला मोकळे ठेवले. घडवंची आणि माठ यांची जुनी विभागणी शेतात परतली, आणि तेथून ती अंगणात येणे हा थोड्या अंतराचा प्रवास होता.

जेऊरसारख्या गावात असा लाकडी हौद उभारायचा तर त्याचा हिशेब साधा आहे, पण तो टाळता येत नाही. आतून 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल हौदात 1200 लिटर पाणी मावते आणि त्याचे वजन 1200 किलो होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून हे वजन तिच्यावर थेट न ठेवता वरची काळी माती काढून मुरमाची धुम्मस केलेली बैठक द्यावी लागते. पाणी भिंतीला बाहेर ढकलते तो दाब तळाशी सर्वांत जास्त असतो. 2 मीटरच्या एका बाजूवर मिळून तो सुमारे 360 किलो वजनाएवढा भरतो, आणि खोली दुप्पट केली तर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यामुळे कोपरे नुसत्या खिळ्यांनी जोडून चालत नाहीत. एका थरातली तुळई पुढच्या थरातल्या तुळईवर आडवी आणून, गवंडी विटांचा सांधा मोडतो त्याप्रमाणे, कोपरा गुंफावा लागतो आणि आरपार लोखंडी गज घालावा लागतो. लाकूड आणि अस्तर यांच्यामध्ये जुन्या सतरंजीचा किंवा गोणपाटाचा थर दिला की खिळ्याचे टोक किंवा कुसळ प्लॅस्टिकला टोचत नाही.

डासांचा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातून आलेला आहे. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी ठेवावीत, असा कोरडा दिवस पाळण्याचा आग्रह आरोग्यखाते धरते. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण तेवढाच काळ लागतो. कमळे लावलेल्या हौदाला कोरडा दिवस पाळता येत नाही, म्हणून तेथे गप्पी मासे सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा दीडदोन इंची मासा विसाव्या शतकाच्या आरंभी डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतात आणला गेला, अंडी न घालता पिल्लेच देतो आणि फारशा देखभालीवाचून वाढतो. मराठी गावांत त्याची ओळख शोभेचा मासा म्हणून झाली नाही. हिवताप कर्मचाऱ्याच्या बाटलीतून झाली.

सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर उतरते. वर सांगितलेल्या हौदातून म्हणजे रोज 20 लिटर, दोन घागरी पाणी उडून जाते. टंचाईच्या वर्षी गावात टँकर सुरू झाला की घरातले कोणीतरी या दोन घागरींचा उल्लेख करतेच, आणि मग मासे न्हाणीजवळच्या सिमेंटच्या टाकीत जातात, कमळाचे कंद ओल्या चिखलाच्या बादलीत जातात, उरलेले पाणी शेवग्याला आणि कढीपत्त्याला घातले जाते. पिंप असते तर महिनाभराच्या कोरडेपणात त्याच्या पट्ट्या सुटून कडी खाली घसरली असती. ही चौकट आकसते, कोपऱ्यात बोटभर फट पडते, आणि तशीच उभी राहते. प्लॅस्टिक उन्हाने तडकू नये म्हणून त्यावर मृगाच्या पावसापर्यंत गोणपाट टाकून ठेवतात.